पहाटे चार ते सकाळी दहा

हा घटनाक्रम कुणा एका माणसाचा नाही. खारदांड्याच्या कोळीवाड्यातला एक तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, मी मनाशी धरला आहे. वय 57, अंगाने काटक, दाढेखाली तंबाखूची चिमूट, रक्तदाबाची गोळी एक दिवस घेतलेली आणि दोन दिवस राहून गेलेली. माणूस कल्पनेतला आहे. त्याच्या छातीत मिनिटामिनिटाला जे घडतं ते मात्र प्रयोगशाळांनी आणि इस्पितळांनी मोजून, तपासून नोंदवलेलं आहे. हृदयाच्या पेशी एकमेकींशी सतत बोलत असतात, आणि झटका आल्यावर तर फार बोलतात. ते बोलणं ऐकायला आपण किती उशीर करतो, याचा हा हिशेब.

पहाटे 4:00. उरले 6 तास

तारीख 31 मे. उद्यापासून मासेमारी बंद. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या. म्हणजे हंगामाची ही शेवटची फेरी, त्यात दिवस उधाणाचे. डोलीचं जाळं चालतं ते पाण्याच्या ओढीवर, भांगाला, म्हणजे ओढ कमी असते त्या दिवसांत, ते टाकून फारसं काही हाती लागत नाही. त्यामुळे या दिवसांत कुणी आजारी पडत नाही, निदान तसं बोलून दाखवत नाही. तांडेल साडेतीनला परतला. ओट्यावर बसून तो पाटीतला जवळा आणि मांदेली वेगळी करतो आहे. बायको भाऊच्या धक्क्याला निघायच्या गडबडीत.

हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त पुरवत खाली उतरणाऱ्या धमनीत चरबीची एक गाठ वर्षानुवर्षं साठत आली होती. तिच्यावरचं पातळ आवरण आता फाटतं. रक्ताला ही जखम वाटते आणि जखमेवर जे करायचं तेच ते करतं. प्लेटलेट धावून येतात, एकमेकींना बोलावतात, गुठळी धरते. तीन-चार मिलिमीटर रुंदीची वाट बुजते.

पहाटे 4:01. उरले 5 तास 59 मिनिटं

दांड्याच्या किनाऱ्यावर होडी वर ओढताना तुम्ही पाहिली असेल तर पुढचं समजायला सोपं जाईल. दोराला बरीच माणसं लागलेली असतात. एकजण आवाज देतो आणि सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागतो. कुणी आधी ओढलं, कुणी नंतर, तर होडी जागची हलत नाही. हृदयाच्या स्नायूपेशी अशाच एका हाकेवर ओढतात. माणसाच्या हृदयात त्या दोन ते तीन अब्ज असतात. हाक एकीकडून दुसरीकडे जाते ती स्पर्शाने. दोन पेशी जिथे जुळतात त्या सांध्यावर कनेक्सिन 43 नावाच्या प्रथिनाच्या अतिसूक्ष्म नळ्या असतात. सहा रेणू या बाजूचे, सहा त्या बाजूचे, मिळून एक नळी, एका पेशीच्या पोटातून थेट दुसरीच्या पोटात उघडणारी. विद्युतभार असलेले कण तिच्यातून पलीकडे सरकतात आणि शेजारणीला हाक पोचते. सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात ती हाक खालच्या दोन्ही कप्प्यांभर फिरते.

आता प्राणवायू तुटला आहे. बुजलेल्या धमनीच्या हद्दीतल्या पेशी मिनिटभरातच ओढणं सोडतात. मेलेली अजून एकही नाही. उरलंसुरलं इंधन जगण्यापुरतं राखायचं म्हणून त्यांनी दोर सोडला आहे.

पहाटे 4:10. उरले 5 तास 50 मिनिटं

पेशीचं इंधन म्हणजे एटीपी. ते मोडत जातं तसं त्यातून अॅडेनोसीन तयार होतं आणि पेशीबाहेर झिरपतं. ते जवळच्या रक्तवाहिन्यांना रुंद व्हायला सांगतं आणि जवळच्या मज्जातंतूंना चेतवतं. ती कळ म्हणजे उपाशी पेशींनी धाडलेला पहिला निरोप. हृदयाकडून आणि डाव्या हाताकडून येणारे तंतू पाठीच्या कण्यात जवळजवळ एकाच ठिकाणी पोचतात, त्यामुळे मेंदूला पत्ता नीट लागत नाही. म्हणून दुखतो हात, आवळतो जबडा, भरून येते पाठ.

तांडेल हातातली मांदेली खाली ठेवतो. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं झालं आहे. गंजीफ्रॉक घामाने भिजला आहे. पण मे महिन्यात दांड्यात घाम कुणाला येत नाही?

“काय झाला?” बायको विचारते.

“काय नाय. पित्त झालाय. तू जा, टेम्पो सुटेल.”

ती जाते.

आपल्या घरांत ‘पित्त’ या शब्दाने जितका उशीर केला आहे तितका दुसऱ्या कशानेही केला नसेल, असं माझं मत आहे. पित्त झालं म्हटलं की सगळे निर्धास्त होतात. ओवा येतो, सोडा येतो, गार दूध येतं, आणि पेशींचा निरोप न वाचताच बाजूला पडतो.

पहाटे 4:20. उरले 5 तास 40 मिनिटं

इथवर सगळं परत फिरण्याजोगं होतं. या क्षणी गुठळी विरघळली असती तर काही दिवस थकव्यात गेले असते आणि पेशी पुन्हा दोराला लागल्या असत्या. साधारण वीस मिनिटांनंतर भिंतीच्या सर्वांत आतल्या थरातल्या, सर्वांत जास्त ताण सोसणाऱ्या पेशी परत न येण्याच्या वाटेला लागतात.

त्या वेळी जे होतं ते मला या सगळ्या शास्त्रातलं सर्वांत विलक्षण वाटतं. पेशीत आम्ल साचतं, कॅल्शियम वाढतं, आणि कनेक्सिनच्या नळ्या मिटू लागतात. पेशी शेजारणीकडचं दार लावून घेते. एकोणिसाव्या शतकात थिओडोर एंगेलमान या जर्मन शरीरशास्त्रज्ञाच्या हे ध्यानात आलं होतं. हृदयाच्या स्नायूला इजा केली की जखमी भाग थोड्याच वेळात आपल्याला शेजारच्या भागापासून तोडून घेतो. जगताना सगळ्या एकत्र असलेल्या पेशी मरताना एकट्या होतात. त्यात शेजारणीचं भलं आहे, कारण त्याच नळीतून आम्ल आणि कॅल्शियमही पलीकडे गेलं असतं.

पण हाकही त्याच दारातून जाते. दारं एकदम आणि सगळीकडे सारखी मिटत नाहीत. कुठे बंद, कुठे अर्धी उघडी. विजेची लाट या भागाशी येऊन अडखळते, वळसा घेते, मागून पुन्हा त्याच जागी येते आणि स्वतःभोवती गरगरू लागते. दोराला लागलेल्या प्रत्येकाने आपल्या मर्जीने ओढावं तसं हृदय नुसतं थरथरतं आणि रक्त पुढे ढकललं जात नाही. झटक्याने इस्पितळाबाहेर होणारे बरेचसे मृत्यू पहिल्या तासात होतात ते याच कारणाने. अशा वेळी छाती दाबत राहणं आणि विजेचा धक्का देणं एवढेच उपाय असतात.

तांडेलाचं हृदय दोनदा अडखळतं आणि सावरतं. त्याला वाटतं, चक्कर आली.

पहाटे 4:40. उरले 5 तास 20 मिनिटं

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात कीथ रायमर आणि रॉबर्ट जेनिंग्ज यांनी 1977 मध्ये कुत्र्यांच्या हृदयावर हे मरण किती झपाट्याने पसरतं ते मोजलं. धमनी 40 मिनिटं बंद ठेवून उघडली तर धोक्यातल्या भिंतीचा 38 टक्के भाग मेलेला सापडला. 3 तासांनी 57 टक्के, 6 तासांनी 71 टक्के. मरण भिंतीच्या आतल्या बाजूने बाहेरच्या बाजूकडे लाटेसारखं सरकतं, असं त्यांनी म्हटलं. भरती चढते तशी पहिली जमीन झपाट्याने जाते, मग हळूहळू. माणसात ही गती व्यक्तीगणिक बदलते, दिशा बदलत नाही.

याच दोघांनी चार्ल्स मरी यांच्यासह 1986 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. धमनी आधी पाच-पाच मिनिटं चारदा बंद करून उघडली आणि मग मोठा अडथळा आणला, तर मरणारा भाग जवळजवळ एक चतुर्थांशावर येतो. थोडी उपासमार सोसलेल्या पेशी मोठ्या उपासमारीची तयारी करतात, आणि त्या तयारीचा एक संकेत पुन्हा अॅडेनोसीनच. आपल्या तांडेलाला गेले तीन दिवस जाळं खांद्यावर घेऊन चढण चढताना छातीत आवळल्यासारखं होत होतं. बसलं की थांबायचं. त्याच्या पेशींनी त्यातून थोडी तयारी करून घेतली असेल. पण खरा उपयोग त्या तीन दिवसांत एक ईसीजी काढण्यात होता.

पहाटे 5:30. उरले साडेचार तास

तो आडवा झाला आहे. कळ जरा कमी वाटते. पेशी सावरल्या म्हणूनच कळ कमी होते असं नाही. मेलेली पेशी निरोप धाडत नाही.

अशा वेळी माणूस गप्प का बसतो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. भीती असते, खर्चाची चिंता असते, आणि थोडी लाजही असते. आपण धट्टेकट्टे, आपल्याला कसा येईल? डॉ. नितू मांडके यांचं नाव अशा वेळी मला आठवतं. मुंबईतले ते नामवंत हृदयशल्यविशारद. बाळासाहेब ठाकरे यांच्या हृदयावरची शस्त्रक्रिया त्यांनी केली होती. दांड्यापासून काही किलोमीटरवर, अंधेरीत, मोठं हृदय इस्पितळ उभारण्याचं काम त्यांनी हाती घेतलं होतं. 22 मे 2003 रोजी हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले, वयाच्या 55 व्या वर्षी. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची हृदयं हातात घेतली त्यालाही या आजाराने सोडलं नाही. मग यात लाज कसली?

सकाळी 7:00. उरले 3 तास

कार्टर रोडवर चालायला येणाऱ्यांची गर्दी झाली आहे. तांडेलाच्या अंगात मात्र वेगळीच धावपळ सुरू आहे.

फुटलेल्या पेशींच्या पोटातलं सामान रक्तात येतं. त्यात ट्रोपोनिन असतं. इस्पितळात ज्याची तपासणी करून झटका पक्का करतात ते हेच. एरवी ते स्नायूच्या आत दोर ओढण्याच्या कामाला असतं, रक्तात त्याला काही काम नसतं. पेशीत इंधन बनवणाऱ्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) फुटून त्यांच्यातला डीएनएही बाहेर येतो, आणि शरीराच्या पहारेकरी पेशी त्याला परकं समजून दचकतात. आग लागल्याची ओरड सुरू होते.

या ओरडीखेरीज आणखी एक टपाल निघतं. पेशी स्वतःच्या पोटातून बारीक पुड्या बाहेर सोडतात, त्यांना एक्सोसोम म्हणतात. जाडी साधारण 30 ते 150 नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा हजारावा भाग धरला तरी चालेल. पुडीत सूक्ष्म आरएनए असतात, आणि ज्या पेशीत पुडी उघडते तिथली जनुकं किती चालवायची हे ते ठरवू शकतात. 2019 मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात उंदरांमध्ये हे टपाल कुठे पोचतं ते पाहिलं गेलं. झटक्यानंतर हृदयाच्या खास सूक्ष्म आरएनएंनी भरलेल्या पुड्या अस्थिमज्जेत उतरतात. तिथे मूळ पेशींना जागेवर बांधून ठेवणारा एक ग्राही त्या कमी करतात, आणि मोकळ्या झालेल्या पेशी रक्तात येतात. छातीतल्या पेशीने हाडातल्या पेशीला मदतीला बोलावलं आहे.

म्हणजे सात वाजेपर्यंत तांडेलाच्या अस्थिमज्जेला निरोप पोचू लागला आहे. पलीकडच्या खोलीत झोपलेल्या त्याच्या मुलाला अजून काही माहीत नाही.

सकाळी 9:00. उरला 1 तास

मुलगा उठतो. बापाचा चेहरा राखेसारखा झाला आहे, ओठ काळपट, बोलताना दम लागतो. “बाबा, चला.” “थांब जरा, तुझी आय येव दे.” यात वीस मिनिटं जातात. शेजारचे येतात. कुणी म्हणतं तळपाय चोळा, कुणी म्हणतं पाणी द्या, कुणी ओळखीच्या डॉक्टरला फोन लावतं, त्याचा दवाखाना दहाला उघडणार असतो. सगळे मनापासून झटत असतात. कोळीवाड्यात दुखण्याला माणसं कमी पडत नाहीत.

गल्ली इतकी अरुंद की गाडी आत येत नाही. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघे त्याला वाळत घातलेल्या जाळ्यांमधून रस्त्यावर आणतात. रिक्षा मिळते. पुढे सकाळची गर्दी.

सकाळी 10:00. शून्य

तो इस्पितळाच्या दारात पोचतो. ईसीजीत हृदयाच्या पुढच्या भिंतीची रेघ उंच उचललेली दिसते.

हे सहा तास मी ओढूनताणून धरलेले नाहीत. 2008 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक मोठा भारतीय अभ्यास आला. 50 शहरांतली 89 केंद्रं, 20,468 रुग्ण. त्यांचं सरासरी वय 57 च्या घरात. धमनी पूर्ण बुजण्याच्या प्रकारात त्रास सुरू झाल्यापासून इस्पितळात पोचायला मध्यावरच्या रुग्णाला लागलेला वेळ 360 मिनिटं. म्हणजे निम्मे रुग्ण याहूनही उशिरा आले. दारात पोचल्यावर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळायला लागलेली मिनिटं 50. इस्पितळाची 50, आपली 360. औषधं, यंत्रं, तज्ज्ञ यांवर आपण खूप बोलतो, ते बोलायलाच हवं. पण ही 360 मिनिटं घरातली आहेत.

सकाळी 10:50

तांडेलाला इंजेक्शन मिळालं आहे. हळूहळू गुठळी विरघळते. रक्त परत येतं. इथे आणखी एक घात होतो. जवळजवळ सात तास उपाशी राहिलेल्या पेशींवर प्राणवायू आणि कॅल्शियम एकदम आदळतं. काही पेशी इतक्या जोराने आखडतात की फाटतात. कनेक्सिनच्या नळ्या पुन्हा उघडू लागलेल्या असतात, आणि हे आखडणं त्याच दारातून शेजारच्या पेशीत शिरतं. ज्या वाटेने 57 वर्षं ठोका गेला त्याच वाटेने मरण जातं. तरीही धमनी उघडावीच लागते, कारण बंद ठेवली तर काहीच उरत नाही.

तिसरा दिवस ते सातवा दिवस

तांडेल वाचला आहे. आत मेलेल्या भिंतीची साफसफाई चालू आहे. पहिल्या दिवसांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात, मागून मॅक्रोफेज या भक्षक पेशी. मृत पेशी गिळता गिळता मॅक्रोफेजचा सूर बदलतो आणि ते व्रण विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींना बांधकामाचे संकेत देऊ लागतात. जुनं काढून झालं, नवं अजून धरलेलं नाही, असे हे दिवस. भिंत सर्वांत कमकुवत असते ती आताच, क्वचित ती फुटतेही. बरं वाटतंय म्हणून लवकर घरी सोडा असा हट्ट करणाऱ्या नातेवाइकांनी हे लक्षात ठेवावं.

एकसष्टावा दिवस

31 जुलै. उद्या होड्या सुटणार. तांडेलाच्या हृदयातला व्रणही या दोन महिन्यांत पिकून घट्ट झाला आहे. तो व्रण फाटत नाही, पण ओढतही नाही. नवीन स्नायूपेशी जवळजवळ होत नाहीत. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी 2009 मध्ये, अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-14 चा माग काढत, माणसाच्या हृदयात पंचविशीत वर्षाला सुमारे 1 टक्का पेशी नव्या होतात आणि पंच्याहत्तरीपर्यंत हे प्रमाण अर्ध्याच्याही खाली येतं, असं दाखवलं.

एका माशाला मात्र हे जमतं. बोटाच्या पेराएवढा, अंगावर निळे पट्टे असलेला झेब्रा मासा, आपल्याच उपखंडातल्या गोड्या पाण्यातला. त्याच्या हृदयाच्या खालच्या कप्प्याचा पाचवा भाग कापला तरी साधारण 60 दिवसांत तो पुन्हा वाढतो, हे 2002 मध्ये कळलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत या माशाच्या हृदयावर काम चालतं. तिथल्या चिन्मय पात्रा यांच्या गटाने 2021 मध्ये दाखवलं की जखम झाल्यावर माशाच्या हृदयात सीसीएन 2ए नावाचं प्रथिन बाहेर पडतं आणि स्नायूपेशींना पुन्हा विभागायला लावण्यात त्याचा हात असतो. ते नसलं की भरून येणं अडतं. आपल्या हृदयाला हा निरोप कसा द्यायचा, हे एक दिवस कळेल अशी मला आशा आहे. तांडेलाच्या उपयोगी ते आज नाही. त्याची होडी आता मुलगा नेईल.

म्हणून दांड्यात, आणि दांड्याबाहेर हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे. छातीत दाब, घाम, हाताला किंवा जबड्याला कळ, दम, यांतलं काही दहा मिनिटांत गेलं नाही तर घरातल्याला उठवा. बायकांना आणि मधुमेह असणाऱ्यांना छातीत न दुखता नुसती मळमळ आणि धाप लागू शकते, तीही धरा. रुग्णवाहिकेसाठी 108 लावा, 2014 पासून महाराष्ट्रात ही सेवा आहे. डॉक्टरांनी कधी मनाई केली नसेल आणि अॅलर्जी नसेल तर फोनवर विचारून अॅस्पिरीनची गोळी चावून खा. 1988 च्या एका मोठ्या चाचणीत एकट्या अॅस्पिरीनने मृत्यूंचं प्रमाण 23 टक्क्यांनी घटलं होतं. सहा तास उलटून गेले असले तरी जा, बारा तासांपर्यंत धमनी उघडण्याचा स्पष्ट फायदा असतो आणि त्यानंतरही इस्पितळात करण्यासारखं पुष्कळ असतं. आणि गाडी येईपर्यंत एकाने गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभं राहा. चालकाला आतली वाट माहीत नसते.